सातवा कप

रेघ कोरायची नसते.
रेघेच्या आजूबाजूचं सगळं काढून टाकायचं असतं,
उरेल ती रेघ.
हिसानो एकवीस वर्षं हेच करतेय,
तरी विजेच्या तारेपाशी आली की श्वास धरते.
चेरीच्या फळीवर केसाएवढा वरंबा,
दोन्हीकडून पटाशी,
एक ढलपी जास्त निघाली
की गल्लीभर अंधार.

मात्सुएला येणाऱ्यांना हवा असतो
सरोवरावरचा सूर्यास्त, एखादा बगळा,
छत्रीखालची बाई.
हिसानो गल्ल्या छापते.
न्हाव्याच्या दुकानाचा फिरता खांब,
गॅलरीत वाळणारे शाळेतल्या पोरांचे मोजे,
शिंपल्यांच्या कालवणाची खाणावळ,
जिचं शटर तीन वर्षं अर्धंच वर आहे.
आणि प्रत्येक चित्रात विजेचा खांब.
दुकानदार इमाओका अदबीनं विचारतात,
खांब तेवढा काढता येईल का?
ती म्हणते, येईल की.
घरी येते
आणि आणखी एक तार राखते.

वडील मंगळवारी येतात,
मुळ्याच्या लोणच्याचा डबा घेऊन.
गेन्जो कागेयामा, वय चौऱ्याऐंशी,
त्यातली एकेचाळीस वर्षं खांबांवर.
चित्रं बघायला ते चष्मा लावत नाहीत,
चष्मा बिलं वाचायला.

त्या दिवशी एकोणीस कागद छापून झाले होते.
विसाव्यावर बांबूच्या सालीतलं गोल घासणं
गरगर फिरत होतं,
तांदळाच्या खळीचा वास, ओल्या कागदाचा वास.
म्हाताऱ्यानं खिशातून चष्मा काढला.
बोट हवेतच धरून मोजलं.
"वर तीन. खाली तीन.
खाली चार पाहिजेत."

चिनी मातीचे ते पांढरे कप,
ज्यांच्यावर तार बसते
आणि लोखंडाला शिवत नाही.
"चौथा नसला तर तार पट्टीवर टेकते.
वीज सरळ जमिनीत.
त्सुरुमाकी तसाच गेला."
मग म्हणाले, चहा आहे का.

दुसऱ्या दिवशी ती सायकल काढून गेली मोजायला.
पुलापलीकडे खांब नव्हताच.
डांबराचा ताजा काळा गोल, भाकरीएवढा.
तारा जमिनीखाली गेल्या एप्रिलमध्ये,
तंबाखूच्या टपरीतली बाई म्हणाली,
आता फोटो छान येतात.
हिसानोनं वर पाहिलं.
आकाश इतकं मोकळं की ओळखू येईना.
तारा होत्या तेव्हा निदान
कुठून कुठपर्यंत ते सांगता यायचं.

म्हणजे आता साक्षीला
फक्त वडिलांचं बोट.

तिनं फळीला चौकोनी भोक पाडलं,
नखाएवढं.
त्याच झाडाच्या तुकड्याची पाचर तासली,
सरस लावून ठोकली,
रात्रभर वाळू दिली.
फळीवर सगळं उलटं असतं:
कागदावर जो उजव्या टोकाला बसणार
तो कप डावीकडे कोरला,
भिंगाखाली, ओठ आवळून,
जणू कुणीतरी खाली उभं आहे
शिडी धरून.

पुढचा मंगळवार.
गेन्जोंनी नवा कागद खिडकीपाशी नेला.
वर तीन, खाली चार.
"आता ठीक," म्हणाले.
एवढंच. एकवीस वर्षांत पहिल्यांदा एवढं.

मग जुने एकोणीस उचलले,
एकेक करून पालथे केले, सुलटे केले.
त्या सगळ्यांत घरांच्या खिडक्या पिवळ्या होत्या,
खाली गडद, वर जाता जाता फिकट होत गेलेल्या,
शिंपल्यांच्या खाणावळीचीसुद्धा.

"आणि ह्यांच्यात?" त्यांनी विचारलं.
"ह्या घरांत उजेड आला कुठून?"

ती मोरीत ब्रश धूत होती.
पिवळं पाणी
बराच वेळ जात राहिलं.